कुलपातला पंप : शाळेत आणि वसतिगृहात मुलांचा दमा कसा ओळखावा, कसा सांभाळावा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्रीचे अडीच वाजले असतील. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंचा फोन आला. "ताई, सहावीतल्या त्या मुलाला धाप लागलीय. आडवं होता येत नाही, बोलता येत नाही. त्याचा पंप ऑफिसच्या कपाटात आहे ना? किल्ली कुठं आहे?"

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या उशाशी होती, आणि मी तालुक्याच्या गावी, चौदा किलोमीटरवर.

शेवटी स्वयंपाकाच्या मावशींनी वरवंटा आणून कपाटाचे कुलूप फोडले. पंप सापडला, पण त्याला जोडायचा स्पेसर कुठे ठेवला होता ते कोणालाच आठवेना. घाईघाईने थेट तोंडात मारलेले औषध बहुतेक जिभेवरच राहिले. १०८ ची गाडी पोहोचायला पाऊण तास लागला. दवाखान्यात ऑक्सिजन आणि वाफेचे औषध मिळाल्यावर पहाटे त्याचा श्वास खाली बसला. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि वर्गात बसला.

तो वाचला ही देवाची दया. पण कुलूप माझे होते. वसतिगृहातली सगळी औषधे कुलपात ठेवायची, हा नियम मीच केला होता. लहान मुलांच्या हाती गोळ्या लागू नयेत म्हणून तो नियम चांगलाच होता. फक्त या एका औषधासाठी तो चुकीचा होता. त्या रात्री फोन कानाला धरून मी प्रार्थना करीत होते, आणि ज्यासाठी करीत होते ते औषध आमच्याच कपाटात होते. ही गोष्ट मला अजून बोचते.

म्हणून हा लेख. आपल्यापैकी कित्येक जण शिक्षक आहेत, कोणी शब्बाथ शाळा घेतात, कोणी नाताळात वसतिगृहाला भेट देतात. मी डॉक्टर नाही. त्या रात्रीनंतर डॉक्टरांकडून जे शिकले आणि वर्षभर मुलांबरोबर जे करून पाहिले, तेवढेच येथे सांगते.

दमा म्हणजे काय

आपल्या छातीत श्वासाच्या नळ्या असतात. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा त्या आत आत बारीक होत जातात. दम्याच्या मुलाच्या या नळ्या आतून सुजऱ्या आणि फार हळव्या असतात. धूर, धूळ, थंडी, सर्दी यांपैकी काही लागले की तीन गोष्टी घडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर आणखी सुजते आणि चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते, आणि शिट्टीसारखा सूं सूं आवाज येतो.

दोन दिवसांनी तेच मूल अंगणात पळताना दिसते आणि आपण म्हणतो, "झालं बरं." पण आवळलेले स्नायू सैल झाले तरी आतली सूज राहते. दमा समजून घेताना हीच गोष्ट ध्यानात ठेवायची. मूल बरे दिसते तेव्हाही आजार घरात असतो, फक्त झोपलेला असतो.

दमा संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने तो लागत नाही. आमच्याकडे एका मुलीचे अंथरूण इतर मुलींनी कोपऱ्यात सरकवले होते. तिला आजारापेक्षा त्याचेच दुःख जास्त झाले होते.

आमच्याच वहीत लिहिलेले होते

ती मुलगी आम्हाला कशी सापडली ते सांगते. त्या रात्रीनंतर मी वसतिगृहाची आरोग्य नोंदवही घेऊन बसले. जूनपासूनची पाने उलटताना पाचवीतल्या एका मुलीचे नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले. "खोकला, सिरप दिले." "खोकला, सिरप दिले." "छाती दुखते म्हणते, खेळाला गेली नाही." अडीच महिन्यांत नऊ नोंदी होत्या. त्यातल्या काही माझ्याच अक्षरात होत्या. प्रत्येक नोंद वेगवेगळी पाहिली तर साधा खोकला वाटावा, आणि आम्ही तसेच पाहत आलो होतो. नऊ नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा तो दमा असावा असे वाटले. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून तेच सांगितले.

शिक्षकांनी आणि अधीक्षकांनी कशाकडे लक्ष द्यावे?

खोकला रात्री किंवा पहाटे वाढतो का? मुलगा दिवसा ठीक असतो आणि रात्री उठून बसतो का?

पळाल्यावर, कबड्डीनंतर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर खोकल्याची उबळ येते का?

श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का? छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, असे तो सांगतो का?

प्रत्येक सर्दी छातीत उतरते का, आणि इतर मुले चार दिवसांत बरी होत असताना याचा खोकला पंधरा दिवस रेंगाळतो का?

हा त्रास पुन्हा पुन्हा येतो का? पावसाळ्याच्या सुरुवातीला, थंडीत, धान्याची खोली झाडल्यावर?

घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला दमा, सततच्या शिंका किंवा अंगाला खाजेचा जुना त्रास आहे का?

आणखी एक खूण आहे, ती कोणत्याही वहीत येत नाही. दम्याचे मूल हळूहळू खेळातून मागे सरते. ते स्वतःहून गोलंदाजी सोडून पंच होते, कवायतीच्या वेळी दप्तरे सांभाळायला बसते. आपण त्याला आळशी म्हणतो. त्या मुलीला आमच्या एका शिक्षकाने वर्गासमोर तसे म्हटलेही होते. तिने उलट उत्तर दिले नाही. आपल्याला काय होते ते सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हता.

प्रत्येक खोकला दमा नसतो

आपल्या भागात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सोबत ताप, वजन न वाढणे किंवा घटणे, किंवा घरात कोणाला क्षयरोग असणे, असे काही असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी व्हायला हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. ताप येऊन श्वास भराभर चालू लागला तर तो न्यूमोनिया असू शकतो. चांगले खेळणारे मूल शेंगदाणा, मणी असे काही तोंडात असताना एकाएकी ठसकले आणि धापा टाकू लागले, तर ती वस्तू श्वासनळीत अडकलेली असू शकते. त्याला लगेच दवाखान्यातच न्यायचे.

सिकलसेलचे वेगळे सांगावे लागेल. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आपल्या समाजांत हा आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे आणि पुष्कळ मुलांची तपासणी झालेली असते. ज्या मुलाला सिकलसेल आजार आहे त्याला छातीत दुखणे, ताप आणि धाप अशी लक्षणे आली तर "दमाच असेल" म्हणून वसतिगृहात थांबू नये. त्याच्या फुफ्फुसातच गंभीर बिघाड होत असू शकतो. अशा मुलाचे सिकलसेल कार्ड त्याच्या आरोग्यपत्रकाला टाचून ठेवा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्या.

निदान डॉक्टरांनीच करायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते, आणि ज्या आजारांसाठी ते मुलांना तपासते त्यांत दम्याचाही समावेश आहे. पण पथकाकडे एकेका मुलासाठी थोडीच मिनिटे असतात, आणि त्या दिवशी मूल बरे असले तर काहीच दिसत नाही. म्हणून पथक आले की मी आता नोंदवही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवते.

पंप दोन प्रकारचे

पहिला पंप आराम देणारा. त्यात बहुधा साल्ब्युटामॉल असते. आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो. धाप लागली की हा वापरायचा.

दुसरा पंप सूज आवरणारा. त्यात ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन यांसारखे अगदी थोड्या मात्रेतले स्टिरॉइड असते. तो रोज, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, मूल बरे दिसत असले तरी घ्यायचा. त्याने लगेच काही वाटत नाही. काही आठवड्यांनी मूल रात्री उठायचे थांबते, तेव्हा त्याचे काम कळते. हा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचे, नाहीतर तोंड येते. काही मुलांना दोन्ही औषधे एकत्र असलेला पंपही देतात.

रंगावर विसंबू नका. आराम देणारा पंप बहुधा निळा असतो, पण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. नाव वाचा. आम्ही आराम देणाऱ्या पंपावर लाल चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत "धाप लागल्यावर" असे लिहिले आहे, आणि दुसऱ्यावर "रोज सकाळ-संध्याकाळ".

पुष्कळ घरांत फक्त पहिला पंप असतो. त्याने बरे वाटते म्हणून त्याच्यावरच वर्षे काढली जातात आणि आतली सूज तशीच राहते. डॉक्टर महिन्यातून एकदा चार प्रश्न विचारायला सांगतात. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त झाला का? रात्री दम्याने जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त लागला का? खेळणे किंवा काम सोडावे लागले का? एकाचेही उत्तर "हो" असेल तर दमा नीट आवरलेला नाही, डॉक्टरांना भेटायचे.

"पंप लागला की सुटत नाही"

त्या मुलाच्या वडिलांनी मला हेच विचारले. ते दवाखान्यात पोराच्या उशाशी बसले होते. "ताई, पंप लागला की सुटत नाही म्हणतात. शेवटचं औषध असतं ते. तुम्ही गोळीच द्या."

मी म्हटले, "दादा, तुमच्या शेतात एका रोपाला कीड लागली तर अख्ख्या रानावर फवारता का? गोळी पोटात जाते, रक्तातून साऱ्या अंगभर फिरते. पंपाचं औषध जिथं दुखणं तिथंच जातं." आणि डॉक्टरांनी मला सांगितलेला हिशेब त्यांना सांगितला. साल्ब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची येते. पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एका गोळीत जितके औषध, तितक्यात चाळीस फवारे होतात.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मुलाचा सदरा वर केला. पोटावर जुन्या डागण्यांचे व्रण होते. "तान्हा होता, छाती उडत होती. तेव्हा म्हातारीनं डाम दिला. आम्हाला तेवढंच ठाऊक होतं."

त्यावर मी त्यांना काही बोलले नाही. पोराचा श्वास अडलेला पाहून त्या आजीने तिला ठाऊक असलेला उपाय केला होता. मला ठाऊक असलेला उपाय मी कुलपात ठेवला होता. डाम देऊन दमा जात नाही, जखम मात्र चिघळते, हे सांगायलाच हवे. पण ते दरडावून सांगितले तर पुढच्या वेळी माणसे मूल लपवतात.

पंपाची चटक लागत नाही. चष्मा लागलेला माणूस रोज चष्मा लावतो, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. स्टिरॉइडच्या पंपाने काही मुलांची उंची किंचित, साधारण सेंटिमीटरभर, कमी राहू शकते, हे खरे आहे. म्हणून डॉक्टर कमीत कमी मात्रा ठरवतात आणि पुढे ती आणखी कमी करतात. मनाने औषध बंद करण्याचा धोका त्याहून पुष्कळ मोठा आहे. बऱ्याच मुलांचा त्रास वाढत्या वयात कमीही होतो. तोपर्यंत त्यांचा अभ्यास, खेळ आणि झोप वाया जाऊ द्यायची नाही.

स्पेसर आणि पाण्याची बाटली

स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा पोकळ, फुगीर नळा. एका टोकाला पंप लावायचा, दुसरे टोक मुलाच्या तोंडात. पंपाचा फवारा फार जोरात येतो. थेट तोंडात मारला तर औषध जिभेवर आणि घशात आदळते. स्पेसरमध्ये ते क्षणभर तरंगते आणि श्वासाबरोबर छातीत उतरते.

स्पेसर नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी याचा अभ्यास करून १९९९ साली तो प्रसिद्ध केला. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडायचे, पंप त्यात घट्ट बसवून भोवतीची फट बंद करायची, आणि बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात द्यायचे. दम्याचा त्रास झालेल्या मुलांना अशा बाटलीतून विकतच्या स्पेसरइतकाच आराम पडला. आमच्या नववीच्या मुलांनी विज्ञानाच्या तासाला अशा सहा बाटल्या तयार केल्या. बाटली स्वच्छ आणि कोरडी हवी. बाटली असो वा स्पेसर, साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. आतून कापडाने घासले तर प्लास्टिक औषधाला ओढून घेते.

धाप लागली तर

ऑस्ट्रेलियात दम्याच्या प्रथमोपचारासाठी "चार-चार-चार" असा नियम शिकवतात. आमच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही तोच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला आहे.

१. मुलाला ताठ किंवा किंचित पुढे झुकवून बसवा. आडवे करू नका. गळ्याजवळची बटणे सोडा. भोवतीची गर्दी हटवा. एकाने जवळ बसून शांत आवाजात बोलत राहावे.

२. आराम देणारा पंप हलवा, स्पेसरला लावा. एक फवारा, मग मुलाने स्पेसरमधूनच चार श्वास घ्यायचे. पुन्हा हलवा, पुन्हा एक फवारा, चार श्वास. असे चार फवारे.

३. चार मिनिटे थांबा. घड्याळ पाहा, अंदाजाने नको.

४. आराम नसेल तर आणखी चार फवारे, त्याच पद्धतीने. तरीही आराम नसेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहा.

पुढची लक्षणे दिसली तर वाट न पाहता आधी १०८ : एक वाक्यही सलग बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, ओठ किंवा नखे निळसर पडतात, मूल गुंगीत जाते. शिट्टीचा आवाज एकदम थांबला आणि मूल मात्र थकलेलेच दिसते, हे सगळ्यांत फसवे लक्षण आहे. आवाज गेला म्हणजे बरे झाले असे नव्हे, हवा जाणेच बंद होत आलेले असू शकते.

धुरी देऊ नका, बळेच पाणी पाजू नका, त्याला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका. आणि बरे वाटले तरी त्या दिवशी पालकांना कळवा, डॉक्टरांना दाखवा.

डोंगराळ भागात आणखी एक तयारी लागते. वसतिगृहाच्या आवारात मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा सर्वांना माहीत हवी. गावातल्या जीपवाल्याचा नंबर भिंतीवर हवा. त्या रात्री अधीक्षिकाबाई मला फोन लावायला पावसात विहिरीपर्यंत गेल्या होत्या, हे मला नंतर कळले.

आम्ही काय बदलले

पंप कुलपातून बाहेर आले. मोठी मुले आपला पंप स्वतःजवळ ठेवतात. लहान मुलांचे पंप, स्पेसर आणि कार्ड एका कापडी पिशवीत घालून झोपायच्या खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगलेले असतात. सहलीला, मैदानावर, रविवारच्या उपासनेला पिशवी सोबत जाते. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने एक जादा पंप शाळेसाठी ठेवला आहे. कितीवा फवारा चालू आहे ते कार्डावर रेघा मारून मोजतो, म्हणजे ऐन वेळी रिकामा पंप हातात येत नाही. दर तीन महिन्यांनी मुदतीची तारीख पाहतो.

प्रत्येक मुलाचे एक कार्ड आहे. त्यावर औषधांची नावे, त्याला कशाने त्रास होतो, धाप लागल्यावर काय करायचे, पालकांचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर. कार्ड डॉक्टरांनी भरून सही केलेले असते.

फळा ओल्या फडक्याने पुसतो. वर्ग मुले गेल्यावर, पाणी शिंपडून झाडतो. दम्याच्या मुलांना झाडायची, धान्य पाखडायची, चुलीपुढची पाळी देत नाही. ती पाणी भरतात, भाजी निवडतात. म्हणजे त्यांना फुकट बसवले असेही होत नाही. गोधड्या आणि सतरंज्या दर आठवड्याला कडक उन्हात टाकतो. भिंतीला आलेली बुरशी पावसाळ्यानंतर घासून चुना लावतो. डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाण्या आल्या. आवारात विडी-सिगारेट बंद झाली. पाहुण्यांनाही तोच नियम.

खेळ मात्र बंद केला नाही. उलट सुरू केला. आधी दहा मिनिटे हलके पळणे, मग खेळ. ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे ती मुले खेळाआधी पंप घेतात. सातपुड्यातली होळी हा मुलांचा वर्षाचा आनंद. तिथेही कोणाला अडवत नाही. वाऱ्याच्या उलट बाजूला, धुरापासून लांब उभे राहा आणि पिशवी खांद्याला अडकवा, एवढेच सांगतो.

सगळ्यांत अवघड काळ सुट्टीचा. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि काही मुलांनाही सोबत नेतात. तिथे पालापुढे चूल, फडात पाचटाचा धूर, आणि रोजचा पंप इथेच विसरलेला. म्हणून सुट्टीला जाताना पालकांच्या हातात दोन्ही पंप देतो, त्यांच्याकडून एकदा वापरून घेतो, आणि मुकादमाचा नंबर लिहून घेतो, कारण आई-वडिलांचा फोन बहुधा लागत नाही. जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो, तेव्हा शाळांना सुट्टी. आम्ही तो शाळा उघडल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात पाळतो. त्या दिवशी प्रत्येक शिक्षक, अधीक्षिका, मावशी आणि रात्रीचा राखणदार स्वतःच्या हाताने स्पेसर जोडून दाखवतो.

आपण काय करू शकता

आपण प्रेमाने मुलांसाठी वस्तू पाठवता. एक विनंती करते, राग मानू नये. जुनी लोकरी ब्लँकेटे, कापसाची जुनी उशी-गादी आणि केसाळ खेळणी पाठवू नका. त्यांत धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे बसतात. त्यांऐवजी धुता येतील अशा सुती चादरी आणि मच्छरदाण्या पाठवा. नाताळात भेटीला येताना मुलांपुढे फटाके लावू नका, कपड्यांवर अत्तर मारून येऊ नका. हे दिसायला छोटे आहे, पण दम्याच्या मुलाची त्या दिवशीची रात्र त्याने ठरते.

ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी स्पेसर द्यावेत. आणि ज्यांना वेळ द्यायचा आहे त्यांनी आपल्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत एवढेच विचारावे : "आपल्या मुलांपैकी कोणाला दमा आहे? त्याचा पंप आत्ता कुठे आहे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पटकन आले नाही तर काम तिथूनच सुरू करा.

तो मुलगा आता सातवीत आहे. जानेवारीतल्या क्रीडास्पर्धेत तो कबड्डीच्या संघात होता. पहिल्या फेरीतच संघ हरला आणि तो दिवसभर फुगून बसला होता. पाचवीतली ती मुलगी सहावीत गेली. तिचे अंथरूण आता रांगेत, मधोमध आहे. तिच्या शेजारी झोपणारी मुलगी मला म्हणाली, "ताई, हिला लागलं तर पिशवी मी आणणार. मला रस्ता अंधारातही माहीत आहे."

कपाटाला नवे कुलूप लावले आहे. आत तापाच्या गोळ्या, मलमे आणि जंताचे औषध आहे. किल्ली अजूनही माझ्याकडेच असते. पंप मात्र दाराशी, खिळ्याला.